मदरबोर्डातील ‘माया’

(आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात शांती नगर, मीरा रोड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘संगणक घेताना त्याचा मदरबोर्ड कसा पारखावा’ या विषयावर आम्ही चार शब्द बोलावे अशी आज्ञा चिटणीसांनी केली, तेव्हा प्रथम आम्हांस संकोच वाटला. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. आयुष्य गेले ते प्राथमिक शाळेत बाराखडी आणि पाढे शिकविण्यात. संगणकशास्त्राचे पदवीधर आज आपल्या ज्ञातीत पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकी काही समोरच बसलेले आम्हांस दिसत आहेत. आमच्या बोलण्यात काही उणे आढळल्यास त्यांनी ते पदरात घ्यावे. तथापि चिटणीसांची आज्ञा आम्ही शिरोधार्य मानली, ती दोन कारणांनी. पहिले कारण असे की, या बाबतीत ज्ञातीचा पैसा एकदा आमच्याच हातून वाया गेला आहे. आणि चूक ज्याने केली त्यानेच ती चारचौघांत सांगावी, हे योग्य. दुसरे कारण असे की, हा विषय वरवर परका दिसला, तरी त्याचे मर्म आपल्या शिंपीसमाजाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेले आहे.

प्रथम चूक सांगतो. २०१७ साली मंडळाच्या अभ्यासिकेसाठी तीन संगणक घेण्याचा ठराव झाला आणि खरेदीचे काम आमच्याकडे आले. मीरा रोडहून लोकलने ग्रँट रोडला उतरून आम्ही लॅमिंग्टन रोडवरील, म्हणजे हल्लीच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरील, संगणकाच्या बाजारात गेलो. चार दुकाने हिंडलो आणि ज्याने सर्वांत कमी भाव सांगितला त्याच्याकडून तीन यंत्रे घेऊन आलो. मंडळाचे पैसे वाचविले म्हणून आम्हांस मोठे समाधान वाटले. वार्षिक सभेत टाळ्याही झाल्या. विक्रेत्याने आम्हांस फसविले असे मुळीच नाही. आम्ही स्वस्त मागितले, त्याने स्वस्त दिले. ‘यात पुढे काय काय बसविता येईल?’ हा एक प्रश्न तेवढा आम्ही विचारला नाही.

चार-पाच वर्षे यंत्रे बरी चालली. पुढे त्यांचा वेग अपुरा पडू लागला, तेव्हा एका जाणत्या तरुणाकडून आम्ही ती उघडून घेतली. मेमरीच्या खाचा दोनच, आणि दोन्हींत चार-चार गिगाबाइटच्या पट्ट्या बसलेल्या. त्याही डीडीआर३ या जुन्या जातीच्या. वस्तुतः आम्ही खरेदी केली त्या वर्षी बाजारात डीडीआर४ रुळलेली होती. नव्या पद्धतीची वेगवान साठवणपट्टी बसविण्याची खाच बोर्डावर मुळातच नव्हती. पुढे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार संपला, आणि विंडोज ११ साठी मान्य असलेल्या प्रोसेसरांच्या यादीत आमचा प्रोसेसर बसेना. नवा प्रोसेसर घ्यावा तर तो त्या बोर्डावर चालत नव्हता. नवा बोर्ड घ्यावा तर त्यास जुनी मेमरी चालत नव्हती. एक धागा ओढावा आणि सबंध शिवण उसवावी, असा प्रकार झाला.

या प्रकाराची झळ कोणास लागली, तेही सांगितले पाहिजे. आपल्या ज्ञातीतील एक विद्यार्थिनी गेल्या वर्षी अभ्यासिकेत येत असे. वस्त्ररचनेचा अभ्यासक्रम ती करीत होती. आपण मंडळी खडू आणि मापपट्टी घेऊन कापडावर जे बेतीत आलो, ते बेतणीचे काम आता संगणकाच्या पडद्यावर होते. एका मापाचा साचा काढला की त्यावरून लहान-मोठ्या मापांचे साचे यंत्र काढून देते. म्हणजे वाडवडिलांचीच विद्या ती मुलगी नव्या रूपात शिकत होती. परंतु तो प्रोग्राम आमच्या यंत्रावर उघडण्यासच कितीतरी मिनिटे लागत, आणि दोन साचे एकदम उघडले की यंत्र जागच्या जागी थिजून जाई. काम सादर करावयाच्या आदल्या रात्री तिला भाईंदरला मैत्रिणीच्या घरी जाऊन ते पुरे करावे लागले. त्या दिवशी तिने आम्हांस विचारले, “गुरुजी, यात काही वाढविता येत नाही का?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते उत्तर २०१७ साली दुकानात घ्यावयास हवे होते.

आता आपल्या धंद्यातील गोष्टीकडे वळू. आमचे तीर्थरूप शिवणकाम करीत. जूनमध्ये शाळेची खाकी चड्डी शिवताना खालच्या दुमडीत ते दोन बोटे कापड अधिक ठेवीत, आणि मागच्या शिवणीतही तसेच. यास आपण ‘माया’ म्हणतो, हे या सभेत सांगावयास नको. पुढच्या जूनमध्ये मूल वाढे. दुमड उसवावी, चड्डी उतरवावी, इस्त्री फिरवावी, की आणखी एक वर्ष निभावून जाई. जुन्या दुमडीच्या जागी कापडावर एक गडद रेघ दिसे आणि वर्गातील मुले तिच्यावरून आम्हांस हसत. वडील म्हणत, “माया शिवताना ठेवायची असते, मागून आणायची तर ती कोठून?” संगणकाच्या मदरबोर्डास हे वचन जसेच्या तसे लागू पडते.

ज्यांनी संगणक आतून पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी मदरबोर्ड म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. संगणकाच्या पेटीत एक चौकोनी फळी असते, आणि यंत्राचे सर्व अवयव तिच्यावर बसतात किंवा तिला जोडलेले असतात. प्रोसेसर म्हणजे हिशेब करणारा मेंदू. त्याची बैठक या फळीवर असते आणि तीस सॉकेट म्हणतात. मेमरी म्हणजे काम चालू असताना कागद पसरावयाचे मेज. तिच्या पट्ट्यांसाठी फळीवर खाचा असतात. काम संपल्यावर कागद ठेवावयाचे कपाट म्हणजे साठवण. तिच्यासाठी वेगळी जागा असते. इतर सर्व अवयव एकेकटे बदलता येतात. फळी मात्र बदलावयाची म्हटली की तिच्यावर बसलेल्या प्रत्येक अवयवास ‘तू नव्या फळीवर चालशील काय?’ असे विचारावे लागते. म्हणून ज्यास यंत्र आठ-दहा वर्षे वापरावयाचे आहे, त्याने सर्वांत अधिक विचार या फळीचा करावा. व्यवहारात मात्र होते नेमके उलटे. प्रोसेसरचे नाव जाहिरातीत झळकते, मेमरीचा आकडा पाटीवर लिहिलेला असतो, आणि फळीचे नाव पुष्कळदा पावतीवरदेखील नसते.

रिकाम्या खाचेचे महत्त्व किती, याचा एक दाखला आपल्या मराठी लिपीच्याच इतिहासात आहे. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला प्रसिद्ध वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याच्या मुख्य फळीवर जोडकार्डांसाठी पाच खाचा होत्या. पडद्यासाठी लागणारे कार्डदेखील त्यांपैकीच एका खाचेत बसवावे लागे. त्या खाचांची तांत्रिक माहिती कंपनीने छापून प्रसिद्ध केली, त्यामुळे कोणाही कारागिराला आपले कार्ड तयार करून त्यांत बसविता येऊ लागले. ते यंत्र इंग्रजी लिपीपुरतेच घडविलेले होते; देवनागरीचा विचार करणाऱ्यांच्या मनातही आला नसेल. पुढे कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांसाठी संशोधन झाले, आणि १९८८ साली पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने ते पुढे नेले. त्यातून जिस्ट कार्ड नावाचे जोडकार्ड निघाले. रिकाम्या खाचेत ते बसविले की तेच इंग्रजी यंत्र मराठी, हिंदी आणि इतर भारतीय भाषा लिहू लागे. ती खाच कोणासाठी हे करणाऱ्यास ठाऊक नव्हते. तरी त्याने जागा ठेवली म्हणून आपल्या लिपीस आत शिरता आले. आज लिपीसाठी कार्ड लागत नाही, ते काम प्रणालीच करते. पण धडा जुना झालेला नाही.

असो. आता प्रत्यक्ष निवडीकडे येतो. आमच्या चुकीनंतर आम्ही या विषयाचे जे वाचन केले आणि जाणत्या तरुणांस विचारून जे समजून घेतले, ते सहा परीक्षांच्या रूपाने आपणांपुढे ठेवतो.

पहिली परीक्षा सॉकेटची. आज जो प्रोसेसर घेणार, त्याच्याहून सरस प्रोसेसर पुढे याच बैठकीत बसणार आहे काय, हे पाहावे. याबाबत दोन प्रमुख कंपन्यांची रीत वेगवेगळी राहिली आहे. एएमडी कंपनीची एएम४ ही बैठक २०१६ साली आली आणि तिच्यावरील पहिले रायझन प्रोसेसर २०१७ च्या मार्चमध्ये निघाले. एप्रिल २०२२ मध्ये त्याच बैठकीसाठी ५८००एक्स३डी हा प्रोसेसर निघाला, आणि २०१७ सालच्या अनेक बोर्डांवर, त्यांचा मूळ प्रोग्राम अद्ययावत केल्यावर, तो चालू शकला. पाच वर्षांपूर्वीच्या फळीवर नवा मेंदू बसला. बाकी यंत्रास हात लावावा लागला नाही. मायेचे याहून चांगले उदाहरण आम्हांस आढळले नाही. त्याच कंपनीची एएम५ ही बैठक सप्टेंबर २०२२ मध्ये आली असून तिला २०२७ पर्यंत व त्यापुढेही आधार देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे.

इंटेल कंपनीच्या बैठका सामान्यतः लवकर बदलत आल्या आहेत. १७०० संपर्कबिंदूंची तिची बैठक २०२१ च्या नोव्हेंबरात आली. तीवर बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर बसतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये १८५१ संपर्कबिंदूंची निराळी बैठक आली. याचा अर्थ इंटेलचा संगणक घेऊच नये असा नाही. १७०० च्या बैठकीवर आज बाराव्या पिढीचा साधा प्रोसेसर बसवून पुढे चौदाव्या पिढीचा बलवान प्रोसेसर बसविता येईल. माया आहे, पण ती कोठे संपते हे आधीच ठाऊक असलेली. येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. केवळ बिंदूंची संख्या जुळली म्हणजे प्रोसेसर चालतो, असे नाही. २०१५ साली आलेल्या ११५१ बिंदूंच्या बैठकीवर सहाव्या व सातव्या पिढीचे प्रोसेसर चालत. २०१७ च्या अखेरीस आठवी पिढी आली, तीही ११५१ बिंदूंचीच. परंतु तिला नव्या जातीचा बोर्ड लागे. काजे-बटण मापाने जुळले, तरी सदरा दुसऱ्याचाच! म्हणून निर्मात्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक बोर्डास चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते, ती पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत.

दुसरी परीक्षा मेमरीची. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही जातींच्या पट्ट्यांस २८८ संपर्कबिंदू असतात, पण मधली खोबण वेगळ्या ठिकाणी असते. त्यामुळे एकीच्या खाचेत दुसरी बसत नाही. एएम५ बैठकीचे बोर्ड केवळ डीडीआर५ घेतात. इंटेलच्या १७०० बैठकीचे काही बोर्ड डीडीआर४ चे असतात, काही डीडीआर५ चे. बाहेरून नाव जवळजवळ सारखेच असल्याने फसगत होते. नव्याने सर्व काही घेणाराने डीडीआर५ कडे पाहावे. ज्याच्यापाशी चांगली डीडीआर४ मेमरी आधीच आहे, त्याने ती टिकवील असा बोर्ड घेण्यात शहाणपण आहे. कारण २०२५ च्या उत्तरार्धापासून, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणकगृहांच्या मागणीमुळे, मेमरीचे भाव जगभर फार चढले आहेत.

खाचांची संख्याही मोजावी. चार खाचा असल्यास दोन भरून दोन रिकाम्या ठेवता येतात. दोनच असतील आणि सोळा गिगाबाइट मेमरी हवी असेल, तर आठ-आठच्या दोन पट्ट्यांऐवजी सोळाची एकच पट्टी घ्यावी. एका पट्टीमुळे वेगात काही घट येते, हे खरे. परंतु पुढे दुसरी पट्टी जोडली की ती घट भरून निघते आणि पहिली पट्टी फेकावी लागत नाही. चार खाचा असलेल्यांनीही एक गोष्ट ध्यानात धरावी. डीडीआर५ च्या चारही खाचा भरल्या असता मेमरीचा वेग बहुधा उतरतो. म्हणून थोड्या पण मोठ्या पट्ट्या घेणे, हा सर्वसाधारण नियम समजावा.

तिसरी परीक्षा साठवणीच्या खाचांची. हल्लीची वेगवान साठवणपट्टी एम.२ नावाच्या छोट्या खाचेत आडवी बसते. अशा निदान दोन खाचा असाव्यात. एक आजची, एक उद्याची. या खाचेत बसणाऱ्या पट्ट्या दोन जातींच्या असतात, साटा आणि एनव्हीएमई. दिसण्यात त्या सख्ख्या बहिणी, वेगात मात्र महदंतर. आणि प्रत्येक खाच दोन्ही जाती घेतेच असे नाही. शिवाय काही बोर्डांवर एम.२ ची एखादी खाच वापरली की जुन्या पद्धतीची एक-दोन जोडणी बंद पडते. बोर्डाबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत हे सर्व लिहिलेले असते. ती पुस्तिका कोणी वाचीत नाही. विद्यार्थ्यांनी ती वाचावी.

चौथी परीक्षा लांब खाचेची, म्हणजे चित्रकार्ड बसविण्याच्या पीसीआय एक्स्प्रेस खाचेची. आज अभ्यासिकेतील कामास वेगळे चित्रकार्ड लागत नाही. उद्या एखाद्या विद्यार्थ्याने त्रिमिती रेखाटन किंवा चित्रफितींचे संपादन हाती घेतले, तर लागेल. समाधानाची गोष्ट अशी की, या खाचेच्या पिढ्या एकमेकींशी सलोख्याने वागतात. नवे कार्ड जुन्या खाचेत आणि जुने कार्ड नव्या खाचेत सामान्यतः चालते. वेग तेवढा दोघांपैकी कमी असलेल्याचा मिळतो. म्हणून अगदी नवीनतम पिढीची खाच मिळावी यासाठी फार पैसे मोजण्याचे कारण नाही. खाच आहे, आणि तिच्यापुढे कार्ड मावण्याइतकी जागा पेटीत आहे, एवढे पाहिले म्हणजे पुष्कळ झाले.

पाचवी परीक्षा विजेची. बोर्डावर सॉकेटच्या सभोवार लहान लहान भाग असतात. ते पुरवठ्याची वीज प्रोसेसरास मानवेल अशी करून देतात. साधा प्रोसेसर ६५ वॉटचा असतो. बलवान प्रोसेसर १२५ किंवा १७० वॉटचाही असतो. बैठक तीच असली, तरी हलक्या बोर्डावर भारी प्रोसेसर बसविला असता हे भाग तापतात आणि प्रोसेसर आपला वेग आवरून घेतो. पातळ अस्तराच्या कोटाचे खिसे जड वस्तूंनी भरावेत, तसा तो प्रकार होतो. या भागांवर उष्णता पसरविणारे धातूचे कवच आहे काय, हे पाहावे. पेटीतील वीजपुरवठ्याचा डबाही चांगल्या प्रतीचा व थोड्या अधिक क्षमतेचा घ्यावा, कारण तो एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात नेता येतो.

सहावी परीक्षा बोर्डाच्या मूळ प्रोग्रामची, म्हणजे ज्यास बायॉस म्हणतात त्याची. बोर्ड तयार झाला त्यानंतर जे प्रोसेसर निघाले, त्यांची ओळख बोर्डास करून द्यावयाची तर हा प्रोग्राम अद्ययावत करावा लागतो. निर्माता असे नवे प्रोग्राम किती वर्षे देत राहतो, हे त्याच्या जुन्या बोर्डांच्या पानांवरून समजते. काही बोर्डांवर फ्लॅशबॅक नावाची सोय असते. तिच्यायोगे प्रोसेसर न बसविता, केवळ पेन ड्राइव्ह लावून, प्रोग्राम बदलता येतो. ही सोय असलेला बोर्ड थोडा महाग पडला तरी घ्यावा. अन्यथा नव्या प्रोसेसरची ओळख पटविण्यासाठी आधी कोणाचा तरी जुना प्रोसेसर उसना आणण्याची पाळी येते.

याखेरीज फळीच्या मापाचा प्रश्न राहतो. एटीएक्स हे माप १९९५ साली इंटेलने ठरविले. ते ३०५ बाय २४४ मिलिमीटर. मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४, आणि मिनी-आयटीएक्स केवळ १७० बाय १७०. आमच्या शांती नगरच्या घरांत जागा बेताची. त्यामुळे सर्वांत लहान फळीचा मोह होतो. परंतु त्या मापात मेमरीच्या खाचा बहुधा दोन आणि लांब खाच एकच बसते. मधले माप, म्हणजे मायक्रो-एटीएक्स, हे सामान्य गृहस्थास आणि संस्थेस सर्वांत सोयीचे, असे आमचे मत झाले आहे.

येथपर्यंत मायेचे गुण गायिले. आता तिची मर्यादाही सांगणे आमचे कर्तव्य आहे. लहान मुलास बापाच्या मापाचा सदरा शिवून ‘पुढे होईल’ म्हणणे, ही माया नव्हे. ती उधळपट्टी होय. दुकानात असे बोर्ड आहेत की ज्यांची किंमत प्रोसेसरच्या दुप्पट असते. त्यांवर रंगीबेरंगी दिवे असतात आणि चार-पाच एम.२ खाचा असतात. ज्याच्या आयुष्यात दुसरी खाच भरण्याचा प्रसंग येणार नाही, त्याने पाचवीचे पैसे का भरावेत? आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी असा बोर्ड घेतला, आणि त्यामुळे मेमरीस पैसे कमी पडले म्हणून ती निम्मीच घेतली. उद्याच्या वाढीसाठी त्यांनी आजच उपास केला! यावरून आम्ही एक कसोटी ठरविली आहे. पुढच्या पाच वर्षांत आपण खरोखर काय वाढविणार, ते कागदावर लिहून काढावे. बहुतेकांच्या कागदावर तीनच गोष्टी उतरतील: मेमरी दुप्पट करणे, एक साठवणपट्टी जोडणे, आणि एकदा प्रोसेसर बदलणे. या तिहींना जागा देणारा जो सर्वांत साधा बोर्ड, तोच आपला बोर्ड.

विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांस लॅपटॉप हवा असतो, म्हणून त्याविषयीही एक वाक्य सांगतो. लॅपटॉपचा मदरबोर्ड आपणांस निवडता येत नाही; परंतु मेमरी बोर्डास कायमची डाख दिलेली आहे की खाचेत बसविलेली, हा प्रश्न तरी विचारता येतो. कायमची असेल, तर जेवढी लागेल असे वाटते ती पहिल्याच दिवशी घ्यावी, कारण तेथे उसविण्यास दुमडच ठेवलेली नाही.

दुकानातील व्यवहाराच्या चार गोष्टी अशा. पावती पक्की घ्यावी, आणि तीवर बोर्डाचे पूर्ण नाव व अनुक्रमांक लिहून घ्यावा. नावातील एका अक्षराच्या फरकाने डीडीआर४ चा बोर्ड डीडीआर५ चा होतो. हमीची मुदत विचारावी. सॉकेटवरील प्लॅस्टिकचे झाकण फेकू नये. हमीखाली बोर्ड परत करताना ते पुष्कळदा मागितले जाते. सॉकेटमधील बारीक तारांस बोट लावू नये. एक तार वाकली तरी सबंध फळी जाते. आणि पेटी व पुस्तिका जपून ठेवाव्यात.

आता शेवटी, ज्या कारणासाठी हा विषय आज घेतला, त्या मंडळापुढील ठरावाविषयी. विद्यार्थी साहाय्य निधीतून यंदा अभ्यासिकेसाठी पुन्हा तीन संगणक घ्यावेत, अशी सूचना आली आहे. आमची नम्र उपसूचना अशी की, त्याच रकमेत तीनऐवजी दोनच संगणक घ्यावेत. पण त्यांचे बोर्ड वर सांगितलेल्या सहा परीक्षांस उतरणारे असावेत. उरलेली रक्कम ‘वाढीव खाते’ म्हणून निराळी ठेवावी, आणि दोन-तीन वर्षांनी मेमरी व प्रोसेसर वाढविण्यासाठीच ती खर्चावी. प्रत्येक यंत्राची एक नोंदवही असावी. तीत बोर्डाचे नाव, खाचा किती, रिकाम्या किती, मूळ प्रोग्राम केव्हा बदलला, हे लिहिलेले असावे. म्हणजे आमच्यानंतर जो कोणी हे काम पाहील त्यास यंत्र उघडण्यापूर्वीच ठाऊक असेल की माया कोठे आहे. जुनी तीन यंत्रेही भंगारात घालू नयेत. त्यांवर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली घालून मराठी टंकलेखन आणि वाचन यांसाठी ती लहान मुलांस द्यावीत. तेवढ्या कामास ती अजून पुरेशी आहेत.

काही सभासद म्हणतील, तिसऱ्या संगणकाअभावी एका मुलास थांबावे लागेल. हे खरे आहे, आणि ते आम्हांसही बोचते. परंतु आठ वर्षांपूर्वी तीन यंत्रे घेतली, तेव्हा आज तिन्हींवर एका मुलीचे काम होईना, हेही तितकेच खरे आहे. कोणता तोटा सोसावा, हे सभेने ठरवावे. सभा ठरवील ते आम्हांस मान्य राहील. मात्र यंदा जो कोणी लॅमिंग्टन रोडला जाईल, त्याच्याबरोबर त्या विद्यार्थिनीसही पाठवावे, अशी आमची विनंती आहे. काय वाढवावे लागेल, हे आम्हा वृद्धांपेक्षा तिला अधिक कळते.